मीठ, आयोडीन आणि अणुभट्टीची धास्ती

मार्च २०११च्या तिसऱ्या आठवड्यात चीनमधल्या अनेक शहरांत दुकानांतलं मीठ संपलं. ११ मार्चच्या भूकंप-त्सुनामीनंतर जपानच्या फुकुशिमा दाइची अणुप्रकल्पात एकामागून एक स्फोट झाले होते. समुद्रापलीकडे झेजियांगपासून बीजिंगपर्यंत लोक मिठाच्या पुड्या पिशव्या भरभरून घरी नेत होते. एक-दोन युआनची पुडी काही ठिकाणी पाच-दहा युआनला गेली. कारणं दोन सांगितली जात: मिठातलं आयोडीन किरणोत्सर्गापासून वाचवतं, आणि समुद्र दूषित झाला की चांगलं मीठ मिळणारच नाही. दुसरं कारण पोकळच होतं. चीनचं खाण्याचं मीठ बहुतांशी खाणींतून आणि खाऱ्या तळ्यांतून येतं. काही दिवसांत त्याच दुकानांपुढे मीठ परत करायला रांगा लागल्या.

हसू येतं खरं. पण पहिलं कारण निव्वळ बाष्कळ नव्हतं.

अणुभट्टी फुटली की बाहेर पडणाऱ्या द्रव्यांत आयोडीन-१३१, म्हणजे आयोडीनचं किरणोत्सर्गी रूप, असतं. ते गवतावर बसतं, गाय ते गवत खाते, आणि दुधातून ते मुलांच्या अंगात जातं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतंच. त्यातलं साधं कोणतं आणि किरणोत्सर्गी कोणतं, हे तिला कळत नाही. म्हणून साध्या आयोडीनने तिची भूक आधीच भागवून टाकायची, एवढाच पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीमागचा विचार. ती किरणोत्सर्गी हवा पोचण्याच्या थोडं आधी किंवा नंतरच्या काही तासांत घ्यावी लागते. सीझियमसारख्या इतर किरणोत्सर्गी द्रव्यांवर तिचा उपयोग नाही, आणि चाळिशी उलटलेल्यांना फायदा थोडाच. मोठ्या माणसाच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. मिठात किलोमागे वीस-तीस मिलिग्रॅम. गोळीची बरोबरी करायची तर तीन ते पाच किलो मीठ एका बैठकीत पोटात जायला हवं. मग किरणोत्सर्गाची वाट पाहायचीही गरज उरणार नाही.

हे औषध असूनही लोकांपर्यंत न पोचण्याचा इतिहास १९७९पासून सांगता येतो. त्या वर्षी २८ मार्चला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडची दुसरी भट्टी बिघडली. दोन दिवसांनी धुराड्याच्या अगदी वर मोजलेला १,२०० मिलिरेमचा (मिलिरेम हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचं माप) आकडा काही अधिकाऱ्यांनी प्रकल्पाबाहेरचा समजला. गोंधळात गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायका आणि लहान मुलांना निघून जायला सांगितलं. सांगितलं काही हजारांना, निघाले सुमारे १,४०,००० लोक. सरकारने घाईने आयोडाइडच्या २,३०,०००हून अधिक बाटल्या बनवून घेतल्या. वाटल्या तर घबराट वाढेल, ही एक धास्ती होती. बाटल्या गोदामात राहिल्या. प्रत्यक्षात बाहेर पडलेलं आयोडीन फारच कमी होतं, त्यामुळे कुणाचं बिघडलं नाही.

तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलला बिघडलं. २६ एप्रिल १९८६च्या पहाटे भट्टी फुटली; प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामं केलं. देशाला बातमी मिळाली ती २८ तारखेच्या रात्री, तीही स्वीडनच्या फोर्समार्क प्रकल्पातली उपकरणं वाजू लागल्यावर आणि मोजक्या वाक्यांत. १ मेला कीव्हमध्ये मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. सोव्हिएत नेते गोर्बाचेव टीव्हीवर बोलले १४ मेला. प्रिप्यातमध्ये गोळ्या वाटल्या होत्या, पण खेड्यापाड्यांत मुलं तेच दूध पीत राहिली. इतर ठिकाणी लोकांच्या कानावर ‘आयोडीन’ हा एकच शब्द आला. कुणी जखमेवर लावायचं टिंक्चर प्यायले आणि घसे भाजून घेतले; कुणी व्होडकावर आणि तांबड्या वाइनवर भरवसा ठेवला. पुढे २००५पर्यंत तेव्हाच्या मुलांमध्ये आणि किशोरवयीनांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले.

शेजारच्या पोलंडला मॉस्कोने काही कळवलं नव्हतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी आपल्याच उपकरणांवर किरणोत्सर्ग वाढलेला पाहिला आणि २९ एप्रिलपासून आयोडीनचं तपकिरी, बेचव लुगोल द्रावण पाजायला सुरुवात झाली. काही दिवसांत सुमारे १ कोटी ५ लाख मुलं आणि ७० लाख मोठी माणसं ते प्यायली. तिथलं सरकारही मोकळेपणासाठी प्रसिद्ध नव्हतं, हे विशेष.

फुकुशिमाला तोच घोळ नव्या साधनांनी झाला. किरणोत्सर्गी ढग कुठे जाईल याचा अंदाज देणारी ‘स्पीडी’ ही संगणक प्रणाली जपानकडे होती, पण तिचे नकाशे सुरुवातीचे बरेच दिवस लोकांना दाखवले नाहीत. नामिए गावचे लोक पळाले ते नेमके ढगाच्या वाटेवर. भट्ट्यांतलं इंधन वितळलं हे प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीने मे महिन्यात कबूल केलं. दरम्यान फिलिपाइन्समध्ये बीबीसीच्या नावाने खोटा एसएमएस फिरला: पाऊस आला तर बाहेर पडू नका, गळ्याला बेटाडीन (आयोडीनचं जंतुनाशक) चोळा. मनिलातल्या एका विद्यापीठाने वर्गही रद्द केले. अमेरिकेची त्सुनामी-लाटांची उंची दाखवणारी रंगीत आकृती किरणोत्सर्गाचा नकाशा म्हणून जगभर पाठवली गेली.

आयोडीनच्या बाबतीत मात्र फुकुशिमा प्रांतातल्या मिहारू या गावाची गोष्ट सांगितली पाहिजे. १५ मार्चला वारा आपल्याकडे वळतोय हे पाहून नगरपालिकेने वरच्या आदेशाची वाट न बघता चाळिशीच्या आतल्या सुमारे सात हजार लोकांसाठी गोळ्या वाटल्या. प्रांताच्या कार्यालयाने त्या परत गोळा करायला सांगितलं. गावाने ऐकलं नाही.

२४ ऑगस्ट २०२३ला फुकुशिमात साठवलेलं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली आणि चीनमध्ये मिठासाठी पुन्हा झुंबड उडाली. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. बारा वर्षांत त्याचं नावही उरलं नव्हतं. त्या पाण्याबद्दलची मुख्य चर्चा ट्रिटियमची, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी रूपाची, होती, आणि ट्रिटियमवर ना गोळी चालते ना मीठ.