एकल चेलोसंगीत, विसाव्या शतकातील

चेलो या गजाने वाजवायच्या चौतारी वाद्यासाठी, पियानो वा अन्य साथीविना रचलेले संगीत. त्याचे मूळ जर्मन संगीतकार बाखच्या सहा सूटांत (सूट म्हणजे नृत्यरचनांची मालिका; सु. १७२०) मानतात. बाखच्या हातची प्रत उपलब्ध नाही. पत्नी आना माग्डालेना हिची नक्कल हा प्रमुख आधार असल्याने गजाच्या खुणांबाबत अजूनही मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकात हा प्रकार लुप्त झाला, हे विधान सरसकट स्वीकारता येत नाही. इटालियन चेलोवादक पियात्तीच्या बारा काप्रिची (तंत्रप्रधान छोट्या रचना) पाहता तो रियाजात टिकला, मैफलीतून मागे पडला, एवढेच म्हणता येईल. बाखच्या सूट मैफलीत रुजवण्याचे श्रेय चेलोवादक पाब्लो कासाल्स (ध्वनिमुद्रण १९३६–३९) याला दिले जाते.

बाखनंतरची पहिली मोठी एकल रचना म्हणून हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदायच्या सोनाटाचा (अनेक भागांची वाद्यरचना; ओपस म्हणजे कृतिक्रमांक ८, १९१५) उल्लेख होतो. तथापि जर्मन संगीतकार माक्स रेगरच्या तीन सूटही साधारण त्याच सुमाराच्या असल्याने ‘पहिली’ हे विशेषण जपूनच वापरावे. रेगर बाखच्या वळणाने जातो. नवे तंत्र कोदायकडे आहे.

सोनाटात खालच्या दोन तारा अर्ध्या स्वराने उतरवतात : सी–जी–डी–ए ऐवजी बी–एफ शार्प–डी–ए. तारा अशा वेगळ्या जुळवण्याला स्कोर्दातुरा म्हणतात. यामुळे बी मायनर या कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचे) तिन्ही स्वर मोकळ्या तारांवर मिळतात आणि खर्ज गडद होतो. अडचण हाताची असते. एफ शार्प व डी या तारांतले अंतर पंचमाचे न राहता कोमल धैवताइतके वाढते, आणि पंचमाची सवय झालेली बोटे चुकतात. घोडीचा माथा गोलसर असल्याने गज चारही तारांवर एकदम टेकत नाही. चार स्वरांचा कॉर्ड मोडूनच वाजवावा लागतो. शिवाय उजव्या हाताने गज चालू असताना डाव्या हाताची बोटे तारा छेडतात. बाखच्या पाचव्या सूटमध्येही सर्वांत वरची तार उतरवलेली असल्याने काही जण कोदायची प्रेरणा तिथे शोधतात. दुसरे मत हंगेरीच्या लोकवाद्यांचे, विशेषतः चिंबालोम या काठ्यांनी वाजवायच्या तंतुवाद्याच्या नादाचे. कोदाय १९०५ पासून खेड्यांतून लोकगीते गोळा करत होता, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक पटते.

पहिला प्रयोग १९१८ मध्ये बुडापेस्टला चेलोवादक येनो केरपेलीने केला. रचनेला जगभर पोहोचवण्यात चेलोवादक यानोश स्टार्करच्या ध्वनिमुद्रणांचा वाटा मोठा आहे.

पुढील रचनांत हिंडेमिटचा सोनाटा (१९२२), सामिसेन या जपानी तंतुवाद्याच्या नादाची आठवण देणारी मायुझुमीची ‘बुनराकु’ (१९६०) आणि संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या, रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविचसाठीच्या तीन सूट (१९६४–७१) येतात. तिसरीत रशियन लोकधुना आहेत. झेनाकिसच्या ‘नोमोस आल्फा’त (१९६५–६६) सर्वांत जाड तार सप्तकभर उतरवावी लागते. इतकी सैल तार स्वरापेक्षा खरखरच अधिक देते.