मध्यरक्षकाच्या मानेचे विज्ञान

युरोपातल्या फुटबॉल सामन्यांचे प्रक्षेपण आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर संपते आणि दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या कॉलेजांच्या कट्ट्यांवर त्यांची उजळणी सुरू होते. एखाद्या आक्रमक मध्यरक्षकाने मागे न पाहता दिलेल्या पासचा विषय निघाला, की 'त्याला पाठीलाही डोळे आहेत' हे वाक्य हमखास कानावर पडते. कौतुक म्हणून ते ठीकच आहे, पण त्याच्या आड एक गैरसमज दडलेला असतो. अशा खेळाडूची नजर उपजतच रुंद असते, त्याला एका दृष्टिक्षेपात अख्खे मैदान दिसते आणि ज्याला ते दिसत नाही त्याने या जागेवर खेळण्याची हौस बाळगू नये, असे अनेक पालक आणि काही प्रशिक्षकही मनापासून मानतात. शरीरशास्त्र मात्र वेगळेच सांगते. इंग्लंडचा नामवंत मध्यरक्षक फ्रँक लॅम्पार्ड असो वा बालेवाडीत सराव करणारा १३ वर्षांचा मुलगा, एका क्षणी दोघांनाही मैदानाचा सारखाच लहानसा तुकडा स्पष्ट दिसतो. फरक पडतो तो त्या तुकड्यांची जोडणी कोण किती वेळा आणि केव्हा करतो यात.

आक्रमक मध्यरक्षक हा प्रतिस्पर्ध्यांची मधली फळी आणि बचावफळी यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात वावरतो. २०१६ च्या इंडियन सुपर लीगमध्ये दिल्ली डायनामोजकडून १० गोल करून गोल्डन बूट मिळवणारा ब्राझीलचा मार्सेलिन्हो पुढच्या मोसमात एफसी पुणे सिटीकडे आला, तेव्हा या जागेवरचा खेळ पुणेकरांना बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात प्रत्यक्ष पाहता आला. या जागेची अडचण अशी, की चेंडू बहुधा आपल्या गोलच्या बाजूने येतो आणि पुढचा पास द्यायचा असतो तो पाठीमागे, प्रतिस्पर्ध्याच्या गोलच्या दिशेने. समजा, १५ मीटरवरून सेकंदाला १५ मीटर वेगाने पास आला, तर चेंडू पायाशी पोहोचायला १ सेकंद लागतो. त्याच वेळी ५ मीटरवरचा बचावपटू सेकंदाला ७ मीटर वेगाने अंगावर येत असेल, तर तो पाऊण सेकंदाच्या आतच येऊन ठेपतो. डोळ्यांना काही दिसल्यापासून हालचाल सुरू होईपर्यंत निरोगी तरुण माणसाला साधारण पाव सेकंद लागतो आणि साध्या प्रतिक्रियावेळेच्या चाचणीत अव्वल फुटबॉलपटू इतर तरुणांच्या फारसे पुढे नसतात. म्हणजे चेंडू मिळाल्यावर विचार करू म्हणणाऱ्याला या पट्ट्यात विचाराला वेळच उरत नाही. पाहण्याचे काम चेंडू येण्याआधी उरकावे लागते.

ते काम इतके कठीण का आहे, हे समजण्यासाठी हात सरळ पुढे ताणून अंगठ्याच्या नखाकडे पाहावे. हाताच्या अंतरावर नखाची रुंदी डोळ्याशी दीड ते दोन अंशांचा कोन करते. दृष्टिपटलाच्या मध्यावर असलेल्या ज्या खळग्यामुळे आपल्याला बारीक अक्षरे वाचता येतात, त्याचे स्पष्ट दिसणारे क्षेत्रही सुमारे २ अंशांचेच आहे. १.८ मीटर उंचीचा खेळाडू ५० मीटरवर उभा असेल, तर तो डोळ्याशी जेमतेम २ अंशांचा कोन करतो. तोच २० मीटरवर आला, की कोन ५ अंशांचा होतो आणि मग त्याचा चेहरा व त्याचे बूट एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. उरलेल्या विस्तीर्ण क्षेत्रात काहीतरी हलते आहे एवढे कळते, गडद रंगाची जर्सी आहे की फिकट हेही बरेचदा कळते, पण त्या खेळाडूचे खांदे कोणत्या बाजूला वळले आहेत आणि त्याचे वजन कोणत्या पायावर आहे, हे कळत नाही. मध्यरक्षकाला नेमके तेच हवे असते.

निसर्गाने सगळेच दृष्टिपटल सारखे तीक्ष्ण का केले नाही, याचे उत्तर वाहतुकीच्या मर्यादेत आहे. दृष्टिपटलावर १० कोटींच्या आसपास प्रकाशग्राही पेशी असतात, पण डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिमज्जेत तंतू असतात सुमारे १० लाख. सगळीकडची बारीकसारीक माहिती या वाटेने एकदम पाठवता येत नाही, म्हणून मधल्या खळग्यातल्या शंकुपेशींना सढळ हाताने तंतू मिळतात आणि कडेच्या असंख्य पेशींना एकेका तंतूत वाटेकरी व्हावे लागते. ही तडजोड पत्करल्यावर एकच मार्ग उरतो. तो मधला खळगा सतत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर रोखत राहायचा.

डोळे हे काम उड्या मारत करतात. या उडीला सॅकेड म्हणतात आणि जागेपणी आपण सेकंदाला साधारण ३ सॅकेड करतो. मोठ्या उडीत बुबुळाचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही वर जातो, त्यामुळे उडी चालू असताना दृष्टिपटलावरचे चित्र पार पुसट होते. पण आपल्याला तो पुसटपणा कधीच जाणवत नाही, कारण उडीच्या काळात मेंदू दृष्टीची संवेदनाच दाबून टाकतो. आरशासमोर उभे राहून आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे आणि मग उजव्या डोळ्याकडे पाहावे. डोळे हलले हे शेजारी उभ्या माणसाला स्वच्छ दिसते, पण स्वतःला स्वतःचे डोळे हलताना काही केल्या दिसत नाहीत. हाच प्रयोग मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर केला, तर चित्र पडद्यावर किंचित उशिरा येत असल्यामुळे हालचाल दिसू शकते. तात्पर्य, वर मांडलेल्या १ सेकंदाच्या हिशेबात मध्यरक्षकाला फार तर तीन स्पष्ट चित्रे मिळतात आणि दोन चित्रांच्या मधल्या काळात तो जवळजवळ आंधळा असतो.

त्यातही पाठीमागचे पाहायचे तर नुसते डोळे पुरत नाहीत, मान वळवावी लागते, आणि या लेखात मला सर्वांत आवडणारी यंत्रणा इथेच आहे. खांद्यावरून मागे पाहताना पहिली उडी डोळे घेतात, कारण बुबुळ हलके आहे आणि डोके जड. डोळे लक्ष्यावर जाऊन स्थिरावतात तरी डोके अजून वळतच असते. आता डोक्याबरोबर डोळेही वळत राहिले, तर नजर लक्ष्याच्या पुढे निघून जाईल. म्हणून डोके जेवढे वळेल तेवढेच डोळे खोबणीत उलट दिशेला फिरतात आणि नजर लक्ष्यावर खिळून राहते. हा हिशेब डोळ्यांनी पाहून करायचा म्हटला तर उशीर होईल, कारण दृष्टीची माहिती मेंदूत पोहोचून तिच्यावर कृती होईपर्यंत सेकंदाचा सुमारे दहावा भाग निघून जातो. त्यामुळे ही जबाबदारी कानाकडे दिलेली आहे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी जवळपास काटकोनात बसवलेल्या असतात. डोके वळले की त्यांतला द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो, संवेदनशील केसपेशी वाकतात आणि तिथून निघालेला संदेश अवघ्या तीन मज्जापेशींच्या साखळीतून थेट डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत जातो. एवढ्या आखूड वाटेमुळे सगळा विलंब सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकाच राहतो. पडताळा घरीच घेता येतो. तर्जनी डोळ्यांसमोर स्थिर धरून मान झपाझप डावीउजवीकडे हलवली, तरी बोटावरच्या रेषा स्पष्ट दिसतात. मान स्थिर ठेवून बोट त्याच वेगाने हलवले, तर त्या पुसट होतात, कारण दुसऱ्या वेळी कानाकडून मदत मिळत नाही.

या सगळ्या उड्यांची दिशा ठरवणाऱ्या केंद्रांपैकी एक मध्यमेंदूत आहे. मध्यमेंदूच्या मागच्या बाजूस असलेल्या दोन लहान उंचवट्यांच्या वरच्या थरांत समोरच्या दृश्याचा नकाशा असतो आणि खालच्या थरांत त्याच नकाशाबरहुकूम 'इकडे पाहा' असा हुकूम देणाऱ्या पेशी असतात. मुलांचा 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेट' करून त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणारे वर्ग मधल्या काळात पुण्यासह महाराष्ट्रभर फोफावले होते. त्यांनी निदान मध्यमेंदू काय करतो हे पाठ्यपुस्तकात वाचायला हवे होते. तो प्रत्येक मुलाच्या डोक्यात दिवसभर, फी न घेता, चालूच असतो, आणि पट्टीखालून होणारे वाचन नाकाशेजारच्या फटीतून होते, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वेळोवेळी उघडकीस आणले आहे. खेळाडूंची 'नजर रुंद' करून देणाऱ्या ॲपच्या जाहिरातींकडेही याच सावधपणे पाहावे. पडद्यावर ठिपके टिपण्याच्या सरावाने ठिपके टिपण्यात प्रगती होते, पण ती मैदानावर उतरेलच असे गृहीत धरण्याला आधार नाही.

तीन चित्रांत २२ खेळाडू कसे मावतात, हा पुढचा प्रश्न. आपल्या तात्पुरत्या दृक्‌स्मृतीत एका वेळी जेमतेम तीन-चार सुट्या गोष्टी राहतात. याचे उत्तर फुटबॉलआधी बुद्धिबळात सापडले. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की खऱ्या डावातली मांडणी काही सेकंदच पाहूनही निष्णात बुद्धिबळपटू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक पुन्हा मांडतो. मात्र तीच प्यादी पटावर वाटेल तशी विखुरली, की त्याची आघाडी जवळपास नाहीशी होते. त्याची स्मरणशक्ती अचाट नसते. त्याला सुटी प्यादी दिसण्याऐवजी ओळखीचे गट दिसतात. 'डावा बचावपटू पुढे आलाय आणि त्याच्यामागची जागा मोकळी आहे' हा अनुभवी मध्यरक्षकासाठी असाच एक गट असतो. जंगली महाराज रस्त्यावर दुचाकीवरून उजवीकडे वळणारा माणूस आरशात क्षणभर पाहून मागची बस, तिच्या आडची रिक्षा आणि त्यांच्यामधली फट हे सगळे एकच परिस्थिती म्हणून ओळखतो, त्याच जातीचे हे काम आहे.

नॉर्वेतील क्रीडामानसशास्त्रज्ञ गेअर यॉर्डेट यांनी हे मैदानावर मोजले. इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या ११८ खेळाडूंचे, कॅमेरा एकाच खेळाडूवर रोखलेले चित्रण घेऊन त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चेंडू मिळण्याआधीच्या काही सेकंदांत प्रत्येकाने चेंडूपासून नजर हटवून किती वेळा आजूबाजूला पाहिले याची गणना केली. जास्त वेळा पाहणाऱ्यांचे पास, विशेषतः पुढच्या दिशेचे पास, अधिक प्रमाणात सहकाऱ्यापर्यंत पोहोचत होते. लॅम्पार्डची गणना सर्वाधिक वेळा पाहणाऱ्यांत झाली. अशा सहसंबंधावरून कारण सिद्ध होत नाही, कारण चांगल्या खेळाडूला पाहायला उसंतही अधिक मिळत असेल, हे लक्षात ठेवायला हवे.

लॅम्पार्डची कारकीर्द मात्र या चर्चेत पुरावा नसला तरी उत्तम उदाहरण आहे. १९७८ मध्ये जन्मलेला हा खेळाडू वेस्ट हॅममधून २००१ मध्ये चेल्सीकडे आला. प्रीमियर लीगमध्ये त्याच्या नावावर १७७ गोल आहेत. चपळाईसाठी त्याची ख्याती कधीच नव्हती, आणि तरीही एका मोसमातली त्याची लीगमधली सर्वोत्तम कामगिरी, २२ गोलांची, २००९-१० मध्ये म्हणजे वयाच्या ३१ व्या वर्षी झाली. याउलट काका या ब्राझीलच्या आक्रमक मध्यरक्षकाचा खेळ चेंडूसह अचानक घेतलेल्या वेगावर उभा होता. २५ व्या वर्षी, २००७ मध्ये, त्याला वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ऑर पुरस्कार मिळाला, २००९ मध्ये तो रेआल माद्रिदकडे गेला, २०१० मध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पूर्वीचा वेग पुन्हा पुरता दिसला नाही. झपाट्याने आकुंचन पावणारे स्नायुतंतू वयानुसार क्षीण होतात आणि दुखापतीने तर आधीच, पण गट ओळखण्याची स्मृती खेळाच्या प्रत्येक वर्षागणिक भरत जाते. ही भरपाई अमर्याद नसते. हल्लीच्या फुटबॉलमध्ये आक्रमक मध्यरक्षकाला चेंडू गमावल्यावर लगेच धावून दबाव आणावा लागतो, त्यामुळे नुसत्या नजरेवर जगणाऱ्या जुन्या वळणाच्या 'दहा नंबर'ला, म्हणजे दहा क्रमांकाची जर्सी घालणाऱ्या आक्रमक मध्यरक्षकाला, बहुतेक संघांत जागा उरलेली नाही.

मग पुण्यात असे मध्यरक्षक फारसे का घडत नाहीत? माझ्या मते याचे एक कारण मैदानाच्या पृष्ठभागात आहे. सपाट हिरवळीवर घरंगळणाऱ्या चेंडूचा मार्ग पहिल्या नजरेतच कळतो आणि मग डोळे निर्धास्तपणे दुसरीकडे वळवता येतात. मुरूम आणि खडे असलेल्या शाळेच्या मैदानावर चेंडू शेवटच्या दोन मीटरमध्ये कुठेही उसळतो, म्हणून तिथे खेळलेली मुले चेंडूवरून नजर न हटवण्याची सवय लावून घेतात, आणि त्या मैदानापुरते त्यांचे बरोबरच असते. शहरभर झालेल्या कृत्रिम टर्फवर निदान ही अडचण नाही. मात्र 'वर पाहा, वर पाहा' असे नुसते ओरडून उपयोग होत नाही. मुलगा मान फिरवतो, पण नजर कुठेच न टेकवता परत चेंडूकडे आणतो, आणि उडीच्या काळात काहीच दिसत नसल्यामुळे त्याच्या हाती काही लागत नाही. त्याने खरोखर पाहिले का, हे तपासायला प्रशिक्षकांकडे जुनी युक्ती आहे. चेंडू निघाला की खेळाडूच्या पाठीमागे उभ्या सहाय्यकाने लाल किंवा पिवळा बिब (सरावात जर्सीवरून घालायचे बिनबाह्यांचे जाकीट) वर धरायचा आणि चेंडूला पहिला स्पर्श होण्याआधी खेळाडूने रंग मोठ्याने सांगायचा. रंग चुकला किंवा उशिरा आला, तर पास कितीही सुबक असला तरी तो मोजायचा नाही.