वॉरबर्ड

वॉरबर्ड म्हणजे सैन्याच्या सेवेतून निघालेलं, पण अजूनही उडतं ठेवलेलं जुनं लष्करी विमान. बहुतेक वेळा दुसऱ्या महायुद्धातलं, प्रोपेलरवालं. आता पहिल्या पिढीतली जेट विमानंही यात धरतात पण शब्द ऐकला की डोळ्यासमोर येतं ते स्पिटफायर आणि हरिकेन ही ब्रिटिश लढाऊ विमानं, अमेरिकन मस्टँग, अमेरिकन बी-१७ बॉम्बर असलं काहीतरी. म्युझियमच्या चौथऱ्यावर उभ्या असलेल्या विमानाला नादिष्ट लोक सहसा वॉरबर्ड म्हणत नाहीत, त्यांच्या हिशोबात इंजिन सुरू झालं पाहिजे, एक्झॉस्टमधून धुराचा लोट आला पाहिजे आणि चाकं जमीन सोडून वर गेली पाहिजेत, तरच ते वॉरबर्ड. या नादाची आणि जुन्या युद्धपटांची जोडी इतकी घट्ट आहे की एकाबद्दल लिहायचं तर दुसऱ्याबद्दल लिहावंच लागतं, कारण आज उडणारी कितीतरी विमानं केवळ कुणीतरी सिनेमा काढला म्हणून भंगारातून वाचलेली आहेत.

युद्ध संपल्यावर या विमानांची काय गत झाली ते आधी बघू. स्पिटफायर २०,००० पेक्षा जास्त बनली, लँकेस्टर बॉम्बर ७,३७७ बनले, आणि आज जगात उडणारे लँकेस्टर फक्त दोन आहेत, एक ब्रिटनमध्ये आणि एक कॅनडात. बाकीची वितळवून अ‍ॅल्युमिनियम केलं. जेटचा जमाना आला होता, जुनी विमानं कुणालाच नको होती. अमेरिकेत पॉल मँट्झ नावाचा स्टंट पायलट होता, त्याने १९४६ मध्ये ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला लिलावात तब्बल ४७५ विमानं साधारण ५५,००० डॉलरला घेतली. सिनेमासाठी लागतील तेवढी मोजकी ठेवली आणि उरलेली भंगारात काढली, आज वाचताना पोटात कालवतं पण त्या काळी तो शुद्ध व्यवहार होता. याच मँट्झने १९४९ च्या 'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय' सिनेमासाठी अख्खं बी-१७ एकट्याने पोटावर उतरवलं. चार इंजिनांचं, दहा जणांच्या क्रूचं विमान, आणि आत एकटा माणूस. तो शॉट पुढे दुसऱ्या सिनेमांतही वापरला गेला. १९६५ मध्ये एका सिनेमाच्या शूटिंगमध्येच विमान कोसळून मँट्झ गेला.

सिनेमासाठी जीव जायची ही काही पहिली वेळ नव्हती. १९३० च्या 'हेल्स एंजल्स'च्या वेळी तीन वैमानिक आणि एक मेकॅनिक गेले होते. त्याचा निर्माता हॉवर्ड ह्यूज ढगांची वाट बघत युनिट थांबवून ठेवायचा, आणि त्यामागचं कारण अगदी खरं आहे, कोऱ्या निळ्या आकाशात विमान कितीही वेगात जाऊ दे ते जागच्या जागी लटकल्यासारखं दिसतं, मागे ढग असले तरच वेग कळतो. एकदा हे लक्षात आलं की कुठलाही हवाई युद्धपट बघताना आपली नजर आधी ढगांकडे जाते.

पण या सगळ्यात मोठं नाव एकच, १९६९ चा 'बॅटल ऑफ ब्रिटन', म्हणजे १९४० मध्ये ब्रिटन आणि जर्मनीच्या हवाई दलांत ब्रिटनच्या आकाशात झालेल्या लढाईवरचा. दिग्दर्शक गाय हॅमिल्टन, निर्माते हॅरी साल्ट्झमन आणि बेन फिझ, यातला फिझ स्वतः युद्धात रॉयल एअर फोर्सचा पायलट होता. विमानं जमवायचं काम दिलं हॅमिश महाडी या निवृत्त ग्रुप कॅप्टनला. हा माणूस युद्धात पाथफाइंडर दलात होता, म्हणजे बॉम्बर्सच्या पुढे जाऊन रात्रीच्या अंधारात टार्गेटवर खुणेचे दिवे टाकणारी मंडळी. त्याने हवाई तळांच्या गेटवर खांबावर लावलेली, गोदामात पडलेली, मिळतील तिथून स्पिटफायर शोधली, २७ सापडली आणि त्यातली १२ उडवण्यालायक केली. हरिकेन सहा मिळाली, त्यातली तीन उडाली.

आता जर्मन विमानं कुठून आणायची? जर्मनीत तर काहीच शिल्लक नव्हतं. उत्तर मिळालं स्पेनमध्ये. स्पॅनिश हवाई दल १९६० च्या दशकातही मेसरश्मिट १०९ हे लढाऊ विमान आणि हाइंकेल १११ हा बॉम्बर या जर्मन विमानांची स्पेनमध्येच बनवलेली भावंडं वापरत होतं, म्हणजे हिस्पानो बुचोन आणि कासा २.१११. गंमत अशी की जर्मन इंजिनं मिळेनाशी झाल्यावर स्पेनने या दोन्हींत ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिन बसवलं होतं, तेच मर्लिन जे स्पिटफायर आणि हरिकेनमध्ये असतं, त्यामुळे या सिनेमात पाठलाग करणारा आणि पळणारा दोघं एकाच इंजिनावर उडताहेत. मर्लिन बसवल्यामुळे नाकाखाली मोठा फुगवटा आला आणि म्हणून नाव पडलं बुचोन, छाती फुगवणाऱ्या कबुतराच्या जातीवरून. खऱ्या १०९ ची हनुवटी अशी नव्हती, जाणकाराला पहिल्या फ्रेममध्येच फरक दिसतो, तरीही त्यांचा थवा वळून खाली सुटतो तेव्हा अंगावर काटा येतोच.

सगळी मिळून शंभराच्या आसपास विमानं झाली आणि हे जगातलं पस्तिसाव्या क्रमांकाचं हवाई दल आहे असं तेव्हा म्हटलं जायचं. शूटिंगसाठी बी-२५ मिचेल बॉम्बरमध्ये कॅमेरे बसवले आणि हवेत इतर पायलटांना ते लांबून ओळखू यावं म्हणून भडक रंगांचे पट्टे मारले, युनिटमध्ये त्याला सायकेडेलिक मॉन्स्टर म्हणायचे. सल्लागार म्हणून जर्मन बाजूने अ‍ॅडॉल्फ गालांड आणि ब्रिटिश बाजूने रॉबर्ट स्टॅनफर्ड टक आले, दोघंही त्या लढाईत प्रत्यक्ष लढलेले. केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड तळावर बॉम्बहल्ल्याचा सीन घ्यायला पहिल्या महायुद्धाच्या काळातलं एक खरं हँगर स्फोटाने उडवून दिलं, आज असं कुणी करू देणार नाही. हँगरांच्या रांगेत ती मोकळी जागा अजून दिसते. रॉयल एअर फोर्सने तो तळ १९६१ मध्येच सोडला होता, पुढे तिथे इम्पीरियल वॉर म्युझियम आलं आणि आज वॉरबर्डच्या नादासाठी डक्सफर्ड म्हणजे पंढरपूर आहे.

या सिनेमातला शेवटचा मोठा हवाई संग्राम जरूर बघा. त्यात इंजिनांचा आवाज नाही, गोळ्यांचा नाही, फक्त विल्यम वॉल्टनचं संगीत. वॉल्टनचं बाकीचं संगीत काढून रॉन गुडविनचं घेतलं होतं, हा एक तुकडा तेवढा राहिला, आणि माझ्या मते विमानांवर घेतलेला इतका सुंदर प्रसंग दुसरा नाही.

सिनेमा संपल्यावर काय झालं ते जास्त महत्त्वाचं. पी७३५० हे स्पिटफायर १९४० च्या लढाईत खरोखर लढलेलं, १९४८ मध्ये भंगारवाल्याला विकलेलं. त्या भंगारवाल्या कंपनीने त्याचं मोल ओळखून ते परत म्युझियमला दिलं, १९६८ मध्ये सिनेमासाठी ते पुन्हा उडवण्यालायक केलं आणि शूटिंग संपल्यावर ते ब्रिटिश हवाई दलाच्या बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइटकडे, म्हणजे जुनी विमानं उडती ठेवणाऱ्या तुकडीकडे गेलं, जिचा तळ आता इंग्लंडमध्ये कनिंग्जबीला आहे. बुचोनांपैकी काही टेक्ससच्या एका पायलटने मानधनाऐवजी घेतली आणि पुढची कित्येक दशकं ती त्याच्या हँगरमध्ये सिनेमाच्याच रंगात धूळ खात उभी होती. आज एअर शोमध्ये जर्मन रंगात जे १०९ दिसतं ते पुष्कळदा या सिनेमात काम केलेलं बुचोन असतं.

चुका शोधणं हा या नादाचा मोठा भाग आहे. १९७० च्या 'तोरा! तोरा! तोरा!'मध्ये जपानी झीरो म्हणून जी विमानं दिसतात ती खरं तर टी-६, म्हणजे आपण ज्याला हार्वर्ड म्हणतो आणि ज्यावर भारतीय हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी ट्रेनिंग घेतलं तेच विमान, कॉकपिट आणि शेपूट बदलून. २०१७ च्या 'डंकर्क'मध्ये नटांचे कॉकपिट सीन घ्यायला रशियन याक-५२ ला स्पिटफायरसारखं सजवलं होतं, पण बाकी आकाशात खरी स्पिटफायर आणि खरं बुचोन. एन३२०० या स्पिटफायरची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, २६ मे १९४० ला डंकर्कच्याच मोहिमेत, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेलं सैन्य सोडवताना, ते कॅलेजवळच्या सांगातच्या किनाऱ्यावर उतरवावं लागलं, वाळूत गाडलं गेलं, १९८६ मध्ये बाहेर काढलं, आणि २०१४ मध्ये पुन्हा उडालं.

भारताचा या विषयाशी संबंध प्रेक्षकापुरता नाही, आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. युद्धानंतर कानपूरला बी-२४ लिबरेटर बॉम्बर्सचा मोठा साठा पडून होता, परत वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केलेला. १९४८ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातून चाळीसेक विमानं दुरुस्त केली आणि टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली, जुजबी डागडुजी केलेली चार इंजिनांची विमानं, हे धाडस कुठल्याही सिनेमापेक्षा कमी नाही. यातली विमानं पुढे पुण्याच्या लोहगावला ६ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये समुद्रावर गस्त घालायला होती. १९६८ पर्यंत आपण ती उडवली, तोपर्यंत बाकी जगात लिबरेटर जवळपास संपलं होतं, म्हणून लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आणि अमेरिकेत टक्सनच्या पिमा म्युझियममध्ये आज जे लिबरेटर उभं आहे ते भारतातून गेलेलं आहे.

तसंच आर४११८ हरिकेन. १९४० च्या लढाईत ४९ उड्डाणं केलेलं हे विमान बनारस हिंदू विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी दिलेलं होतं. १९८२ मध्ये जुन्या रोल्स-रॉइस गाड्या शोधत फिरणाऱ्या पीटर व्हॅकर या इंग्रज गृहस्थांना ते तिथे दिसलं, विसरता येईना, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २००१ मध्ये त्यांनी ते इंग्लंडला नेलं आणि डिसेंबर २००४ मध्ये ते उडालं. गेलं याचं वाईट वाटतं, पण इथे राहिलं असतं तर उडालं असतं का हा प्रश्नही प्रामाणिकपणे विचारला पाहिजे.

आपल्या हवाई दलाचीही व्हिंटेज फ्लाइट आहे. २०१२ च्या हवाई दल दिनाला हिंडनला टायगर मॉथ हे जुनं ट्रेनिंगचं विमान उडालं, आणि २०१८ मध्ये परशुराम नावाचा डकोटा, म्हणजे सैनिक आणि सामान नेणारं विमान, आला, आयर्लंडमध्ये भंगारात सापडलेला, राजीव चंद्रशेखर यांनी स्वखर्चाने दुरुस्त करून दिलेला, त्यांचे वडील डकोटाचे पायलट होते. त्याला व्हीपी९०५ हा नंबर दिलाय, २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डकोटाचा. नुसतं बघायचं असेल तर दिल्लीचं पालम म्युझियम आहेच, पण आपल्याला जवळ म्हणजे गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं म्युझियम, तिथे सी हॉक आहे, अलिझे आहे, फेअरी फायरफ्लाय आहे आणि ती अजस्र सुपर कॉन्स्टेलेशन. बीचवर जाणारी गर्दी तिथे थांबत नाही, तुम्ही थांबा.

आपल्या सिनेमातही खरी विमानं दिसतात. गोविंद निहलानींच्या १९८२ च्या 'विजेता'मध्ये मिग-२१ ची दृश्यं अस्सल आहेत, आणि १९९७ च्या 'बॉर्डर'मध्ये लोंगेवालाच्या लढाईसाठी खरी हंटर उडवली, ज्या जातीच्या विमानांनी १९७१ मध्ये जैसलमेरहून जाऊन पाकिस्तानी रणगाडे फोडले तीच.

या नादात एक जुना वाद आहे, उडवायचं की जपायचं. ४ ऑगस्ट २०१८ ला स्वित्झर्लंडमध्ये युंकर्स ५२ हे जुनं जर्मन वाहतूक विमान कोसळून आतले २० च्या २० जण गेले, 'व्हेअर ईगल्स डेअर' या युद्धपटात बर्फावरून उडताना दिसतं तेच ते विमान. २०१९ मध्ये अमेरिकेत कनेटिकटला बी-१७ च्या अपघातात सात जण, आणि १२ नोव्हेंबर २०२२ ला डॅलसच्या एअर शोमध्ये बी-१७ आणि किंगकोब्रा हे लढाऊ विमान हवेत धडकून सहा जण. अशा प्रत्येक वेळी एक विमान कायमचं कमी होतं आणि त्याहून मोठं म्हणजे माणसं जातात. म्हणून प्रवासी बसवायचे नियम कडक झालेत, आणि एकच शिल्लक असलेलं विमान उडवू नये असं मानणारे वाढलेत, मलाही ते पटतं. पण ज्या जातीची पन्नासेक तरी उडती आहेत त्यांचं वेगळं, कारण इंजिन सुरू करणारे, खिळे ठोकणारे, लाकडी फ्रेमवर कापड ताणून शिवणारे हात कामात राहिले तरच ती विद्या पुढच्या पोराला मिळते. २७ लिटरचं मर्लिन हाताने जुळवून बसवायचं कसं हे कॉम्प्युटरवर काढलेल्या स्पिटफायरवरून कुणालाच शिकता येत नाही.