चेरी उत्सव, गुब्बियो

चेरी उत्सव : इटलीच्या उंब्रिया प्रांतात डोंगराच्या कुशीत वसलेल्या गुब्बियो या मध्ययुगीन गावात दरवर्षी १५ मे रोजी साजरा होणारा, गावचे पालक संत उबाल्दो यांचा उत्सव. इटालियन भाषेत ‘चेरो’ (अनेकवचन ‘चेरी’) म्हणजे मोठी मेणबत्ती. चेरीच्या फळाशी त्याचे काही नाते नाही.

उबाल्दो बाल्दास्सिनी हे बाराव्या शतकात गुब्बियोचे बिशप होते. ११५५ मध्ये जर्मन सम्राट फ्रीड्रिख बार्बारोसाच्या रोषातून त्यांनी गाव वाचवले, अशी श्रद्धा आहे. १६ मे ११६० रोजी त्यांचे निधन झाले. म्हणून उत्सव पुण्यतिथीच्या पूर्वसंध्येला येतो. ११९२ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि दोन वर्षांनी त्यांचा देह इंजिनो डोंगरावर नेण्यात आला. आजही तो तेथील बॅसिलिकेत (मोठ्या चर्चमध्ये) काचेच्या पेटीत आहे.

पूर्वी गावातील व्यावसायिक संघ संतासाठी खऱ्या मेणाच्या भल्या थोरल्या मेणबत्त्या वाहत. सोळाव्या शतकात त्यांची जागा लाकडी चेरींनी घेतली. एकावर एक बसवलेले दोन अष्टकोनी पोकळ खांब, खाली खांद्यावर घेण्याची चौकट आणि माथ्यावर संताची मूर्ती, असा प्रत्येक चेरो सुमारे ३०० किलो भरतो. पहिला गवंड्यांचा, त्यावर संत उबाल्दो. दुसरा व्यापाऱ्यांचा, त्यावर संत जॉर्ज. तिसरा शेतकऱ्यांचा, त्यावर मठवासी संत अँटनी. वाहणाऱ्यांना ‘चेरायोली’ म्हणतात. त्यांचे सदरे अनुक्रमे पिवळे, निळे आणि काळे. पांढरी विजार आणि लाल रुमाल मात्र सर्वांचे सारखेच.

दुपारी बाराला पियाझ्झा ग्रांदे या गावातल्या मोठ्या चौकात चेरी उभे केले जातात. ‘कापोदिएची’ म्हणजे दहा जणांचा म्होरक्या. तो चौकटीवर चढून मातीच्या सुरईतले पाणी चेरोच्या बुंध्यावर ओततो आणि सुरई गर्दीत भिरकावतो. तिच्या खापऱ्या शुभ मानून वेचण्यासाठी झुंबड उडते. मग आडवे धरलेले चेरी एका झटक्यात सरळ होतात आणि ध्वजस्तंभाभोवती तीन फेऱ्या घेतात.

संध्याकाळी सहाला धाव सुरू होते. आधी अरुंद गल्ल्यांतून, मग डोंगरवाटेने बॅसिलिकेपर्यंत. थकलेल्यांच्या जागी ताजे खांदे लागतात, तेही पळता पळता. चेरो कलणे किंवा पडणे ही मोठी नामुष्की, आणि तिची चर्चा वर्षभर चालते. परक्याला चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे या शर्यतीत पुढे कोणी जायचेच नसते! उबाल्दो पहिला, जॉर्ज दुसरा, अँटनी तिसरा, हा क्रम ठरलेला. चुरस असते ती न अडखळता, मधले अंतर न वाढू देता धावण्याची आणि वर पोहोचल्यावर दाराची. उबाल्दोवाले आत शिरताच मागच्यांच्या तोंडावर दार लावू पाहतात. नंतर मूर्ती मशालींच्या उजेडात गात गात खाली आणल्या जातात. चेरी मात्र पुढच्या मे महिन्यापर्यंत वरच राहतात.

उत्सवाचे मूळ ख्रिस्तपूर्व विधींमध्ये असावे, असेही एक मत आहे. त्यासाठी १४४४ मध्ये सापडलेल्या, प्राचीन उंब्रियन भाषेतील विधी नोंदवणाऱ्या सात कांस्यपट्ट्यांकडे बोट दाखवले जाते. पट्ट्या याच गावच्या, पण तेवढ्यावरून दुवा जुळत नाही. मेणबत्तीचे नाव अजून चेरोला चिकटलेले असताना संघांच्या दानाचे स्पष्टीकरण अधिक पटते.

पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या मे महिन्यात, गुब्बियोच्या सैनिकांनी आल्प्समधील कोल दी लाना आघाडीवर चेरी बनवून धाव घेतली होती. उंब्रिया प्रांताच्या बोधचिन्हावर १९७३ पासून तीन चेरी आहेत. लहान मुलांची धाव २ जून रोजी होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील जेसप येथे गुब्बियोहून गेलेल्यांच्या वंशजांनीही ही प्रथा जपली आहे.