पावसात आणि थंडीत दुचाकी चालवणाऱ्यांसाठी: टायर कसा निवडावा

टायर बघायला आलेले बहुतेक ग्राहक आधी नक्षीवर बोट फिरवतात. खाचा खोल दिसल्या की पावसासाठी हाच टायर, असं ठरवून मोकळे होतात. नक्षी महत्त्वाची आहेच, पण पकड मुळात रबर देतं. म्हणून आमचा आग्रह असतो, की आधी कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, कोणतं ते विचारा आणि मग खाचा बघा.

टायर रस्त्याला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी असते. तेवढ्यातलं रबर मऊ असेल तर ते डांबराच्या बारीक खडबडीत जाऊन बसतं. गार पडलं की ते कडक होतं आणि वरच्यावर सरकतं. ओला रस्ता टायरला सतत गार करत राहतो, त्यामुळे पावसात ही अडचण हवा तितकीशी थंड नसतानाही जाणवते. कंपाउंडमध्ये सिलिका (रबरात मिसळायची एक खनिज भुकटी) भरपूर असेल तर रबर कमी तापमानातही लवचिक राहतं आणि ओल्या रस्त्याला चांगलं धरतं. रोजच्या वापरासाठी आणि लांबच्या प्रवासासाठी आम्ही बहुतेकांना सिलिकायुक्त स्पोर्ट-टुरिंग टायर सुचवतो, तो याच कारणासाठी. यातल्या बऱ्याच टायरांत मधला पट्टा टिकाऊ रबराचा आणि कडा मऊ रबराच्या असतात. वळणावर गाडी झुकते तेव्हा या मऊ कडा कामाला येतात.

रेस ट्रॅकचे टायर सर्वांत चिकट, म्हणजे पावसातही तेच भारी, हा समज मात्र धोक्याचा आहे. कोरड्या ट्रॅकसाठी बनवलेले टायर चांगले तापल्यावरच पकड देतात. गार सकाळी, ओल्या रस्त्यावर ते तापतच नाहीत, आणि पाणी काढायला त्यांच्यात खाचाही कमी असतात. मातीसाठीच्या मोठ्या बटणांच्या टायरांची अडचण वेगळी. चिखलात ते छान चालतात, पण ओल्या डांबरावर त्यांचं रबर फार कमी टेकतं.

आता खाचा. त्यांचं काम टायरखालचं पाणी बाजूला काढायचं. झीज दाखवणारी छोटी उंचवटी खाचेच्या तळाशी असते. टायरच्या कडेवर टीडब्ल्यूआय (TWI) ही इंग्रजी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण दिसतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेत बघा, सापडेल. दुचाकीच्या बऱ्याच टायरांवर ही खूण ०.८ मिमीवर असते. पावसात गाडी चालवणार असाल तर तिथपर्यंत थांबू नका. खाचेची खोली २ मिमी उरली की टायर बदला, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून लोक तो बदलतात आणि पुढचा तसाच ठेवतात. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो. ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं तर गाडी कधीकधी सावरता येते, पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. खर्चामुळे एकच टायर घेणं शक्य असेल आणि पुढचा जुना असेल, तर आम्ही आधी पुढचाच घ्यायला सांगू. मात्र रेडियल आणि बायस या टायरच्या आतल्या बांधणीच्या दोन पद्धती आहेत; एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला बायस असं मनाने करू नका. गाडीच्या कंपनीने मान्य केलेली जोडीच बसवा.

जुना टायर नक्षी शाबूत असूनही दगा देऊ शकतो. कडेवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, ते टायर कधी बनला ते सांगतात: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघा. अजिबात दबत नसेल किंवा खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसत असतील, तर तो पावसात वापरू नका.

पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारे बरेच आहेत. कृपया करू नका. हवा कमी झाली की खाचा दबून मिटतात आणि पाणी निघत नाही. उलट थंडीत हवा आपोआप उतरते, तापमान साधारण ६ अंशांनी घटलं की अंदाजे १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). म्हणून गार दिवसांत हवा जास्त वेळा तपासा, तीही गाडी चालवण्याआधी टायर गार असताना, आणि कंपनीने दिलेल्या आकड्यावर ठेवा.

नवीन टायर बसवल्यावर पहिले १५० किमी सांभाळून चालवा. पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो घासल्याशिवाय खरी पकड येत नाही. पावसातच बसवला असेल तर गाडी झुकवणं आणि ब्रेक दाबणं दोन्ही हळूहळू वाढवा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि सांडलेलं डिझेल यांवर मात्र उत्तमातला टायरही धरत नाही. रस्त्यावर बर्फाचा थर असेल त्या दिवशी गाडी बाहेरच काढू नका.

आमच्याकडे येताना दोन्ही टायरांच्या कडेवरच्या अक्षर-आकड्यांचा फोटो काढून आणा. कुठल्या रस्त्यावर, किती वाजता आणि मागे कुणाला बसवून चालवता, तेही सांगा. पहाटे निघणाऱ्याला आणि दुपारी फिरणाऱ्याला आम्ही एकच टायर देत नाही.