ओपन सोर्स प्रकल्पाला पॅच पाठवताना: शीर्षक, लेबल आणि सही

पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) हाती घेणारा मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) आधी शीर्षकाची ओळ वाचतो, कोड नंतर. ती ओळ कळली नाही तर चांगला कोडही पडून राहतो. म्हणून अर्ज भरताना घेतो तितकीच काळजी इथे घ्यावी.

कोण पाठवू शकतो?
पदवी किंवा नोकरीची अट नसते. अट एकच, पण ती पक्की: तो कोड प्रकल्पाच्या परवान्याखाली देण्याचा हक्क तुमच्याकडे हवा. नोकरीच्या करारानुसार तुमच्या कोडवर कंपनीचा हक्क असेल तर आधी तिची परवानगी घ्या. हे नंतर निस्तरणे फार अवघड जाते.

काय तयार ठेवायचे?
गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारे साधन) नाव आणि ईमेल नीट भरलेले हवे, कारण सहीची ओळ तिथूनच येते. काही प्रकल्प सीएलए नावाचा, कोड देण्याबाबतचा करार मागतात. तो एकदाच करावा लागतो. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) असा करार नाही. तिथे 2004 पासून डीसीओ हे, कोड देण्याचा हक्क असल्याचे प्रतिज्ञापत्र चालते. प्रत्येक कमिटच्या (गिटमध्ये नोंदलेल्या बदलाच्या) संदेशाच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’, पुढे नाव आणि ईमेल, एवढी ओळ लिहिली की झाले. ‘गिट कमिट’ला ‘-एस’ (रोमन लहान s) जोडले की ती आपोआप येते.

ही ओळ शोभेची नाही. कोड मी लिहिला आहे, किंवा योग्य परवान्याच्या कामावर तो आधारलेला आहे, किंवा अशीच हमी देणाऱ्याकडून तो माझ्याकडे आला आहे, आणि ही नोंद कायम सार्वजनिक राहील हे मला मान्य आहे, असे तुम्ही तिथे लिहून देता. त्यामुळे निनावी सही कर्नलमध्ये चालत नाही. दुसऱ्याच्या नावाने सही टाकणे तर कुठेच करू नका.

शीर्षक
(या लेखातली इंग्रजी नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहायची आहेत, इथे फक्त उच्चार दिले आहेत.)

कर्नलमध्ये शीर्षकाच्या सुरुवातीला चौकटी कंसात ‘पॅच व्ही3 2/5’ असे येते. म्हणजे मालिकेची तिसरी आवृत्ती आणि पाचांपैकी दुसरा पॅच. नुसती चर्चा हवी असेल तर तिथे ‘आरएफसी’ (म्हणजे मते मागवणे) लिहा. पॅच स्वीकारताना ‘गिट एएम’ ही आज्ञा हा कंस काढून टाकते. इतिहासात उरते ती पुढची ओळ: आधी विभागाचे नाव, मग अपूर्णविराम (:), मग बदलाचा सारांश. कर्नलमध्ये सारांश 70 ते 75 अक्षरांपर्यंत चालतो. पुष्कळ प्रकल्प 50 च्या आत ठेवायला सांगतात.

सारांश आज्ञार्थी लिहावा. ‘बग दुरुस्त केला’ यातून कोणता बग, कुठला, काहीच कळत नाही. ‘यूएसबी: केबल काढल्यावर होणारा क्रॅश थांबव’ यातून सगळे कळते. काही वर्षांनी कोणी जुना इतिहास चाळेल तेव्हा हीच ओळ त्याच्या कामी येईल. विभागाचे नाव अंदाजाने लिहू नका. त्या फाइलचा ‘गिट लॉग’ (बदलांची यादी) पाहा आणि आधीच्यांनी लिहिले तसेच लिहा.

कन्व्हेन्शनल कमिट्स ही शीर्षक लिहिण्याची पद्धत पाळणाऱ्या प्रकल्पांत विभागाऐवजी बदलाचा प्रकार आधी येतो. ‘फिक्स’मुळे आवृत्तीचा शेवटचा आकडा वाढतो, ‘फीट’मुळे मधला. जुना वापर मोडणारा बदल असेल तर अपूर्णविरामाच्या आधी उद्गारचिन्ह देतात, आणि मग पहिला आकडा वाढतो. अनेक ठिकाणी हे यंत्रच ठरवते, म्हणून चुकीचा शब्द थेट प्रकाशनापर्यंत पोचतो.

इतर टॅग
‘फिक्सेस’पुढे ज्या कमिटने चूक आणली तिच्या हॅशची (ओळखक्रमांकाची) पहिली 12 अक्षरे आणि तिचे शीर्षक द्या. ‘रिव्ह्यूड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ त्या व्यक्तीने स्वतः दिल्याशिवाय जोडू नयेत. ती तिची साक्ष आहे.

गिटहब या संकेतस्थळावरची रंगीत लेबले लावण्याचा अधिकार बहुधा नवख्याला नसतो. ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल शोधून काम निवडा आणि वर्णनात ‘क्लोझेस’ लिहून त्या इश्यूचा (नोंदवलेल्या अडचणीचा किंवा कामाचा) क्रमांक द्या. बदल मुख्य शाखेत गेला की तो इश्यू आपोआप बंद होतो.

पाठवल्यानंतर
उत्तरासाठी निदान एक आठवडा थांबा. काहीही न बदलता तोच पॅच पुन्हा पाठवायचा असेल तर कंसात ‘रीसेंड’ लिहा. एक ओळ जरी बदलली तरी ‘व्ही2’ लिहा, आणि काय बदलले ते तीन आडव्या रेघांच्या खाली नोंदवा. तो मजकूर इतिहासात जात नाही.