साहेबाचे कट्टे आणि उजळलेलं आभाळ

रत्नागिरीतल्या गच्चीवरून मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या चमकत्या वायूच्या ढगाचा, दोन मिनिटांचा फोटो घेतला, तर आधी तेजोमेघ दिसतच नाही. दिसतो एक मळकट, राखाडी-पिवळा पडदा. शहराच्या बाजूला तो जाड असतो, दुसऱ्या कडेला थोडा विरळ होतो, आणि होड्या बाहेर असतील तर समुद्राच्या अंगाला पांढरट-हिरवी झाक चढते. असे दोनशे फोटो दोन-तीन रात्रींत जमवायचे, संगणकावर एकावर एक रचायचे, त्यातून पडदा काढायचा. मग जे चित्र उरतं ते पाहून घरातला पहिला प्रश्न ठरलेला: "हा खरा आहे, की एडिट केलेला?"

मी सांगतो, वजाबाकी केलेला. उत्तर टाळण्यासाठी नाही. आकाशाच्या छायाचित्रणाच्या या छंदाचा सगळा इतिहासच वजाबाकीचा आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान कोकणाशी जोडलेलं आहे. मात्र ते आपण सांगतो तसं नाही.

विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी इथूनच हेलियम शोधला, अशी गोष्ट सांगितली जाते, आणि त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. खरं तर कोकणी माणसाला इथे शंका यायला हवी. ऑगस्टच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य दिसणं हीच बातमी असते, ग्रहण कुठलं दिसायला! लॉकयर तेव्हा इंग्लंडात होते. ग्रहणासाठी भारतात आले होते ते फ्रान्सचे जान्सेन, आणि तेही आंध्रातल्या गुंटूरला. लॉकयर विजयदुर्गला खरोखर आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेल्पोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते आणि प्रिझम बसवलेल्या कॅमेऱ्यांनी काचेच्या प्लेटांवर छायाचित्रं घेतली गेली. म्हणजे कट्ट्यांचा मान कमी होत नाही. उलट आकाशाचं छायाचित्रण या किनाऱ्यावर १८९८ सालीच होऊन गेलं, असं आपल्याला अधिकाराने म्हणता येतं.

पण १८६८ ची गोष्ट सोडू नये, कारण आमचा आजचा फिल्टर तिथूनच येतो. जान्सेन यांनी ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी आणि लॉकयर यांनी २० ऑक्टोबरला, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक नवल केलं. ग्रहण नसताना, भर उजेडात, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला त्यांनी पाहिल्या. एरवी त्या दिसत नाहीत, कारण सूर्याजवळच्या आभाळाचा उजेड त्यांना बुडवून टाकतो. युक्ती अशी की आभाळाचा उजेड सगळ्या रंगांचा मिळून झालेला असतो. प्रकाश रंगांत फोडणाऱ्या वर्णपटदर्शकात तो लांब पसरला की पातळ होतो. ज्वालेचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांत साठलेला असतो. कितीही पसरवा, रेषा रेषाच राहते. पाण्यात कालवलेलं दूध वेगळं करता येत नाही, पण पाण्यात पडलेला तांदूळ काढता येतो, तसं.

त्या रेषांतली लाल रेषा हायड्रोजनची, ६५६.३ नॅनोमीटरची. आज ज्याला आम्ही 'एच-अल्फा' म्हणतो, आणि ज्याच्यासाठी वर्णपटाचा जेमतेम ३ किंवा ७ नॅनोमीटरचा पट्टा आत सोडणारे महागडे फिल्टर मागवतो, ती हीच. मृगातला तेजोमेघ असो वा धनु राशीतला, त्यांचा लाल रंग या रेषेचा. दुसरी पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरवर निघाली. सोडियमच्या रेषा ५८९ च्या आसपास, म्हणजे अगदी शेजारी. तरी ही सोडियमची नव्हती. तिलाच पुढे हेलियम हे नाव मिळालं, आणि १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी तो वायू पृथ्वीवरच्या खनिजातून काढून दाखवला. गंमत बघा, शंभरेक वर्षांनी आमच्या रस्त्यांवर जे पिवळे दिवे लागले ते सोडियमचे. विजयदुर्गाच्या गोष्टीतल्या रेषेला खेटूनच त्यांचा उजेड.

तेजोमेघांची छायाचित्रं मात्र दुसऱ्या वाटेने आली. अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटं प्लेट उघडी ठेवून मृगातला तेजोमेघ टिपला; तेजोमेघाचं ते पहिलं छायाचित्र. १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांच्या प्लेटवर देवयानी दीर्घिकेची, म्हणजे ताऱ्यांच्या एका अवाढव्य समूहाची, सर्पिल रचना उमटली. डोळ्याला जे दिसत नाही ते प्लेटवर साठतं, हे तेव्हा पक्कं झालं. त्याच सुमाराला पुण्यात कावसजी नायगमवाला महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी करत होते, आणि १८९८ च्या ग्रहणाला त्यांनी जेऊरला तळ ठोकला होता.

साठतं हे खरं, पण आभाळाचा उजेडही साठतो. प्लेटवर तो करडं धुकं होऊन बसतो. शिवाय मंद प्रकाशात प्लेट आळशी होते: पहिल्या दहा मिनिटांत जेवढं उमटतं तेवढं पुढच्या दहात उमटत नाही. त्यावर उपाय म्हणून फिल्म नायट्रोजन-हायड्रोजनच्या मिश्रणात भाजून घेत. भाजलेल्या फिल्मला दमट हवेचं वावडं. आमच्या किनाऱ्यावर तिचं काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. इथे लेन्सवरसुद्धा मीठ धरतं.

प्लेटच्या काळातली सगळ्यांत बोलकी गोष्ट खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांची. अमेरिकेतल्या माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण लॉस एंजेलिसच्या डोक्यावर. शहर वाढत गेलं तसं आकाश उजळत गेलं. दुसऱ्या महायुद्धात शहराचे दिवे विझवले. बाडे जर्मन नागरिक असल्याने युद्धकार्यात नव्हते, त्यामुळे दुर्बीण भरपूर हाताशी. त्या अंधारात, लाल रंगाला संवेदनशील प्लेटांवर, देवयानीच्या गाभ्यातले तारे त्यांनी सुटे करून दाखवले आणि १९४४ मध्ये ताऱ्यांचे दोन वर्ग मांडले. दिवे विझले म्हणून विज्ञान पुढे गेल्याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

युद्ध सगळीकडे नसतं आणि दिवे कुणी विझवत नाही. मग वजाबाकी डार्करूममध्ये आली. ऑस्ट्रेलियात खगोल-छायाचित्रकार डेव्हिड मॅलिन यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी जे केलं ते मला अजून जादूसारखं वाटतं. मूळ प्लेटची एक मुद्दाम धूसर, उलटी प्रत काढायची. ती मूळ प्लेटवर नेमकी बसवायची आणि दोन्हींतून एकदम प्रकाश पाठवायचा. मोठ्या पसरट उजेडाला धूसर प्रत खाऊन टाकते, बारीक तपशील उरतो. हेच 'अनशार्प मास्क'. आज मोबाइलमधल्या कुठल्याही फोटो ॲपमध्ये 'शार्पन'चं बटण असतं, त्याचं कूळ हे. मॅलिन यांची दुसरी युक्ती, प्लेटच्या वरच्या थरात अडकलेला फिकट प्रकाश वेगळा वर आणण्याची. तिच्यामुळे दीर्घिकांभोवती कधी न दिसलेली कवचं दिसली. तेव्हा "एडिट केलेला" म्हणून त्यांना कुणी हिणवलं नाही.

१९६९ मध्ये बेल लॅबमध्ये बॉयल आणि स्मिथ यांनी सीसीडी, म्हणजे प्लेटची जागा घेणारी प्रकाश टिपणारी इलेक्ट्रॉनिक चिप, बनवली (त्याचं नोबेल २००९ मध्ये मिळालं). आमच्या दृष्टीने तिचा खरा गुण वेगळाच. प्लेट शंभरातले एक-दोन फोटॉन पकडायची, सीसीडी निम्म्याहून अधिक पकडते, हे झालंच. पण सीसीडी सरळ मोजते: दुप्पट प्रकाश, दुप्पट आकडा. आकडे सरळ असले की वजाबाकी खरी वजाबाकी होते. झाकण लावून घेतलेले 'डार्क' वजा करा, सेन्सरची स्वतःची उष्णता गेली. पांढरा पंचा दुर्बिणीच्या तोंडावर ताणून सकाळी घेतलेल्या 'फ्लॅट'ने भागा, कोपऱ्यांतला काळोख आणि धुळीचे डाग गेले. मग रचा.

रचण्याचं गणित निर्दय आहे. शंभर फोटो रचले की खरखर, म्हणजे फोटोतले इकडेतिकडे उडणारे दाणे, दहाव्या हिश्श्यावर येते, शंभराव्या नव्हे. आणि आभाळ उजळ असेल तर दंड वेगळा. एखाद्या आडगावच्या आंबाबागेत आकाशाची प्रत २१.५ आहे आणि शहरात १९.५, असं धरा (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा जितका मोठा तितका काळोख जास्त). दोन प्रतींचा फरक म्हणजे आभाळ सहा पटींहून अधिक उजळ. बागेत जे एका तासात मिळतं त्यासाठी शहरात सहा तासांहून अधिक बसावं लागतं. उजेड वजा करता येतो, पण उजेडाबरोबर आलेली खरखर वजा होत नाही. एवढं एक कळलं की कुठलंही सॉफ्टवेअर चमत्कार का करत नाही, ते कळतं.

हे सगळं हौशी माणसाच्या हातात आलं ते डिजिटल कॅमेऱ्यामुळे. २००५ मध्ये कॅननने २०डीए काढला, लाल एच-अल्फा अडवणारा फिल्टर सैल केलेला. नंतर साधे कॅमेरे उघडून तो फिल्टर काढून देणारे लोक निघाले. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिलसारखी फोटो रचणारी फुकट सॉफ्टवेअरं आली, पिक्सइनसाइट विकत घेणारेही झाले. व्यावसायिकांची हत्यारंही खाली झिरपली: हबल दुर्बिणीच्या डीप फील्ड या चित्रासाठी बनवलेली 'ड्रिझल' ही फोटो एकत्र करण्याची पद्धत आज लॅपटॉपवर चालते, आणि १९९५ च्या गरुड तेजोमेघाच्या चित्रातली रंगांची वाटणी, गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा, गच्चीवरच्या फोटोतही दिसते.

आणि नेमकं याच काळात आभाळाचा रंग पालटला. पिवळ्या सोडियमच्या दिव्यांचा उजेड बराचसा वर्णपटाच्या एका पट्ट्यात असायचा. तो पट्टा कापणारा फिल्टर लावला की पुष्कळ काम व्हायचं. ५ जानेवारी २०१५ ला देशात पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव एलईडी आले. वीज वाचली, रस्ते उजळले, कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण पांढरा एलईडी निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे सांडतो. तेजोमेघाला अजून लॉकयरची युक्ती चालते, कारण त्याचा प्रकाश रेषांत आहे. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा. तिथे कापायचं काय?

त्यात आमच्याकडे समुद्रही उजळला. एलईडी मासेमारीत होडीवर जनित्र आणि प्रखर दिवे लावून मासळी उजेडाकडे ओढतात आणि पर्ससीन जाळ्यात घेरतात. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, राज्याचा कायदाही २०२१ मध्ये कडक झाला, पारंपरिक मच्छीमारांची आंदोलनं झाली. तरी क्षितिजावर दिव्यांची रांग उभी राहिली नाही अशा रात्री मोजक्याच. मासळीचं नुकसान मोठं, त्यापुढे माझ्या फोटोचं काय. पण दोघांचा चोर एकच.

मग उरतं ते ग्रेडियंट, म्हणजे आभाळाच्या उजेडाचा कडेकडेने होणारा चढउतार, काढणं. फोटोत जिथे तारा नाही, तेजोमेघ नाही अशा जागी ठिपके ठेवायचे, त्यांवरून आभाळाच्या उजेडाचा एक गुळगुळीत पृष्ठभाग संगणकाला बांधायला लावायचा आणि तो वजा करायचा. ग्रॅक्सपर्टसारखी साधनं आता हे स्वतःच करतात. माझा त्यांच्यावर अर्धाच विश्वास. यंत्राला पसरट दिसतं ते सगळं प्रदूषण वाटतं; दीर्घिकेभोवतीचं विरळ कवचही पसरटच असतं. मॅलिन यांनी जे वर आणलं ते आपण एका क्लिकमध्ये पुसून टाकू शकतो, आणि चित्र वर छान दिसतं, हे जास्त वाईट.

एप्रिलमध्ये नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ रत्नागिरीहून दक्षिणेला सुमारे २६ अंश वर येतो. उत्तर भारतातल्या मंडळींना एवढा उंच मिळत नाही. मध्यरात्रीनंतर तो नैऋत्येला कलतो आणि बरोबर होड्यांच्या उजेडात शिरतो. १ जूनला मासेमारी बंद होते, दिवे जातात, क्षितिज काळं होतं. तोवर ढग आलेले असतात.